सदलग्यात ‘संगीत सौभद्र’ बसवताना

‘माय फेअर लेडी’सारखी अमेरिकन संगीतिका करायची तर आधी प्रयोगाचे हक्क विकत घ्यावे लागतात, मग वाद्यवृंद उभा करावा लागतो. ‘संगीत सौभद्र’ (1882) स्वामित्वहक्कातून केव्हाच मोकळे झाले आहे, आणि त्याला ऑर्गन व तबला पुरतो. शिवाय त्याचे कर्ते अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, आणि त्यांच्या चालींत कन्नड पदांचा वारसा आहे. दूधगंगेकाठच्या मंडळाने पहिले संगीत नाटक म्हणून हेच हाती घ्यावे.

आधी संहिता आटोपशीर करा. मूळ पाच अंकांत शंभराहून अधिक पदे आहेत. त्यांतली पंचवीस-तीस ठेवा. पद आधी चालीशिवाय, बोलल्यासारखे वाचा. ते काढल्यावर पुढचे वाक्य अडत असेल तर ठेवा, नुसता गळा दाखवण्यापुरते असेल तर सोडा. कृष्ण-रुक्मिणीच्या प्रवेशाला मात्र हात लावू नका.

पात्रे निवडताना गाणे आणि वाक्य दोन्ही ऐका. घरी कन्नड बोलणारी गुणी मुले जरूर घ्या. त्यांच्याकडून ‘च’, ‘ज’, ‘झ’ यांचे दोन्ही उच्चार घोटून घेतले की झाले.

पट्टी पहिल्याच आठवड्यात ठरवा. पुरुषांना साधारण पांढरी एक ते काळी दोन, बायकांना काळी चार किंवा पाच सोयीची पडते. एकाच प्रवेशात दोघांची पदे असतील तर पट्टी बदलते आणि नेमके तिथेच नाटक सांडते. त्यावर उपाय एकच: पदाआधीच्या वाक्याचे शेवटचे दोन शब्द ऑर्गनवादकाच्या वहीत लाल शाईने लिहा. त्या शब्दांवर त्याने नव्या पट्टीचा षड्ज हलकेच धरावा, म्हणजे नट बोलता बोलता गाण्यात शिरतो. सूर शोधत थांबलेला अर्जुन प्रेक्षकांना लगेच कळतो. म्हणून ऑर्गन अशा जागी ठेवा, की वादकाला नटाचे ओठ दिसतील.

तालमी संध्याकाळी घ्या. पहिले पंधरा दिवस फक्त गद्य, मग पदे, शेवटी दोन्ही एकत्र. प्रयोग गळीत हंगाम संपल्यावर, पावसाच्या आधी लावा. तोवर ऊसतोडीतून माणसे मोकळी होत नाहीत.

उघड्या मैदानावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही, म्हणून नांदी साडेसहाला सुरू झालीच पाहिजे. ध्वनिक्षेपकाची परवानगी आधीच काढा. तबल्याचा माइक वेगळा ठेवा, नाहीतर शब्द बुडतात. प्रत्येक अंकाआधी दोन मिनिटे कन्नडमध्ये कथासूत्र सांगा: बलराम सुभद्रेला दुर्योधनाला द्यायला निघाला आहे, तिचे मन अर्जुनावर आहे, आणि कृष्ण सगळे जुळवतो आहे. एवढे कळले की गाणे सगळ्यांचेच होते.

‘वन्स मोअर’ घ्यायचा की नाही, हे ऑर्गनवादकाने घड्याळ पाहून ठरवावे. शेवटच्या अंकात घेऊच नये.