गुडघ्यातले वंगण येते कुठून?



सांध्यांचा पाठ चालू होता. लालबागच्या चाळीत राहणारी एक मुलगी उभी राहिली. "बाई, आमच्या आजीच्या गुडघ्यातलं वंगण संपलंय. जिने चढले की उरलेलंही संपेल, म्हणून ती आता खालीच उतरत नाही." प्रश्न पुस्तकातला नव्हता, पण उत्तर द्यायलाच हवे होते.

आधी हे वंगण, म्हणजेच संधिद्रव, बनते कसे ते पाहू. सांध्याच्या पिशवीला आतून एक पातळ अस्तर असते. त्यात बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. त्यांतून रक्तातले पाणी, क्षार, ग्लुकोज आणि थोडी प्रथिने गाळून आत येतात. रक्त गोठवणारे फायब्रिनोजेन मोठे असल्याने मागे राहते, म्हणून निरोगी संधिद्रव गोठत नाही. या गाळलेल्या पाण्यात अस्तराच्या पेशी हायलुरोनिक आम्ल मिसळतात. त्यानेच द्रवाला चिकटपणा येतो. ल्युब्रिसिन नावाचे प्रथिन घर्षण कमी करते.

रंग फिकट पिवळसर, पारदर्शक. सोळाव्या शतकात पॅरासेल्सस या वैद्याने 'सायनोव्हिया' हा शब्द वापरला. द्रव दिसतो अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा.

आणि निरोगी गुडघ्यात तो असतो किती? साधारण चार मिलिलिटरपर्यंत. चहाचा एक चमचाही भरत नाही!

आता आजीचा प्रश्न. हे काही शिलाई मशीनमध्ये एकदा घातलेले तेल नव्हे. जुना द्रव लसीकावाहिन्यांतून बाहेर जातो, नवा तयार होत राहतो. झिजेच्या संधिवातात तो पातळ होतो, कूर्चा झिजते. पण द्रव आटतो असे नाही. उलट सांधा सुजला की तोच वाढतो. आपण एकीकडे 'वंगण संपलं' म्हणतो आणि दुसरीकडे 'गुडघ्यात पाणी झालं' म्हणतो. दोन्ही वेळा बोलतो एकाच द्रवाबद्दल!

शिवाय कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिला अन्न मिळते ते मुख्यतः या द्रवातूनच. चालताना ती स्पंजासारखी दाबली जाते, सुटते आणि द्रवाची ये-जा होते. म्हणजे बसून राहून वंगण 'वाचत' नाही. कूर्चाच उपाशी राहते.

म्हणून मी त्या मुलीला म्हटलं, "आजीला आधी डॉक्टरांना दाखवा. परळचं केईएम जवळच आहे. ते सांगतील तेवढं चालू दे, आधी गॅलरीतच." गुडघा गरम, लाल झाला किंवा ताप आला, तर मात्र थांबू नये, लगेच दाखवावे.

वर्गात करून पाहा : दोन बोटांत आधी पाणी, मग अंड्याचा पांढरा बलक घेऊन बोटे हळूच दूर करा. तार कशाची येते? अंडे चालत नसेल, तर भेंडीचे बुळबुळीत पाणी घ्या.

घरचा अभ्यास : आजी-आजोबांना आज हा पाठ मुलांनीच समजावून सांगायचा.