दाब स्प्रिंग कशी मोजावी?



मागच्या विज्ञान प्रदर्शनासाठी नववीच्या मुलांनी रिकामे पत्र्याचे डबे चेपण्याचे एक हातयंत्र केले होते. वरची फळी दाबली की डबा चेपायचा आणि दोन बाजूंच्या दोन स्प्रिंगा फळीला पुन्हा वर उचलायच्या. आदल्या दिवशी त्यातली एक स्प्रिंग हरवली. आम्ही घाईघाईने उरलेल्या स्प्रिंगेची उंची आणि रुंदी फूटपट्टीने मोजली : ५० मि.मी. आणि २० मि.मी. बाजारातून त्याच मापाची दुसरी आणली. दिसायला अगदी जुळी बहीण! पण यंत्र चालवताच फळी एका बाजूला कलली आणि अडकून बसली. प्रदर्शनात यंत्र नुसतेच मांडून ठेवावे लागले. मुले हिरमुसली.

उद्यमबागेतल्या वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्या एका पालकांनी ते पाहून एकच प्रश्न विचारला, "सर, तार मोजली होती का?" आम्ही मोजली नव्हती. व्हर्नियर लावला तेव्हा कळले, जुनी तार २ मि.मी. आणि नवी १.८ मि.मी. त्या दिवशी आम्ही शिक्षकही विद्यार्थी झालो. तेव्हा जे शिकलो ते येथे देत आहोत.

मापे आणि त्यांची नावे

दाबल्यावर आखूड होणारी आणि सोडल्यावर मूळ लांबीवर येणारी ती दाब स्प्रिंग. बॉलपेनात असते तीच.

१. तारेची जाडी : हे पहिले माप. फूटपट्टीने नव्हे, व्हर्नियरने किंवा मायक्रोमीटरने घ्यावे.

२. व्यास : बाहेरचा व्यास म्हणजे ओडी, आतला व्यास म्हणजे आयडी. स्प्रिंग भोकात बसणार असेल तर ओडी महत्त्वाचा, दांड्यावर बसणार असेल तर आयडी. दाबल्यावर स्प्रिंग किंचित फुगते, म्हणून भोकात थोडी मोकळी जागा हवी. ओडीमधून तारेची जाडी वजा केली की मध्य व्यास मिळतो. हिशेबात तोच लागतो. आमच्या जुन्या स्प्रिंगेचा मध्य व्यास २० − २ = १८ मि.मी.

३. फ्री लेंथ : कोणताही भार नसतानाची लांबी.

४. टर्न म्हणजे वेढे : टोकाचे वेढे शेजारच्या वेढ्याला टेकवून, घासून सपाट केलेले असतील तर दोन्ही टोकांचा एकेक वेढा फक्त बैठकीचे काम करतो. आमच्या स्प्रिंगेत एकूण १० वेढे, त्यांतले कामाचे ८.

५. सॉलिड लेंथ : सगळे वेढे एकमेकांना टेकल्यावरची लांबी. अशा सपाट टोकांच्या स्प्रिंगेत एकूण वेढे × तारेची जाडी, म्हणजे १० × २ = २० मि.मी. म्हणून ५० मि.मी.ची ही स्प्रिंग जास्तीत जास्त ३० मि.मी. दबेल. रोजच्या वापरात मात्र तिला तेवढी दाबू नये.

६. वेढ्याची दिशा : उजवी किंवा डावी. एका स्प्रिंगेत दुसरी बसवायची असेल तर दोघींच्या दिशा उलट ठेवतात, म्हणजे वेढे एकमेकांत अडकत नाहीत.

ताठपणा

स्प्रिंग १ मि.मी. दाबायला किती बल लागते, तो तिचा ताठपणा. रॉबर्ट हुक यांनी १६७८ साली मांडलेला नियम तुम्ही शिकलाच आहात : बल दुप्पट, तर दबणेही दुप्पट. पोलादी तारेसाठी सूत्र असे :

ताठपणा = ७९,००० × (जाडी)⁴ ÷ [८ × (मध्य व्यास)³ × कामाचे वेढे]

सर्व मापे मि.मी.मध्ये घेतली की उत्तर न्यूटन प्रति मि.मी. येते. जुन्या स्प्रिंगेचे उत्तर ३.३९ आले. नवीचा मध्य व्यास १८.२ मि.मी. आणि वेढे तितकेच. तिचे उत्तर २.१५! म्हणजे जुनी १० मि.मी. दाबायला सुमारे साडेतीन किलोचे वजन लागते, तर नवीला सव्वादोन किलो पुरते. जाडीचा चौथा घात असल्यामुळे ०.२ मि.मी.च्या फरकाने स्प्रिंग एक तृतीयांशाहून अधिक मऊ झाली. फळी कलली ती यामुळे.

आमची नुसती फजिती झाली. पण हायड्रॉलिक यंत्राच्या रिलीफ व्हॉल्व्हमध्ये दाब किती वाढू द्यायचा हे स्प्रिंगच ठरवते. तेथे 'दिसायला तशीच' पण जास्त ताठ स्प्रिंग बसली, तर व्हॉल्व्ह वेळेवर उघडणार नाही आणि माणसाच्या जिवावर बेतेल.

आपल्यापैकी अनेकांचे वडील, काका अशा कारखान्यांत काम करतात. ओडी, टर्न, फ्री लेंथ हे शब्द त्यांच्या रोजच्या तोंडचे आहेत. इंग्रजी शब्द म्हणून बिचकू नका. घरी विचारा. पुस्तकातले सूत्र तुम्ही त्यांना सांगा, हाताची पारख ते तुम्हाला सांगतील.

सराव : तार ३ मि.मी., ओडी २७ मि.मी., एकूण वेढे ९, टोके सपाट, फ्री लेंथ ६० मि.मी. मध्य व्यास, कामाचे वेढे, सॉलिड लेंथ आणि जास्तीत जास्त दबणे काढा.

(उत्तरे : २४ मि.मी., ७, २७ मि.मी., ३३ मि.मी.)