नागपूरकरांच्या मुलखातले वलंदेज

प्रश्न : जुन्या मराठी कागदांत इंग्रज, फरासिस यांच्या जोडीने ‘वलंदेज’ येतात. हे कोण? नागपूरकर भोसल्यांचा त्यांच्याशी कधी संबंध आला होता का?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : वलंदेज म्हणजे हॉलंडचे लोक, डच. आणि संबंध आला होता, तोही मुलखाचे धनी म्हणून!

ओडिशाच्या किनाऱ्याजवळ बुढाबळंग नदीकाठी बालेश्वर, म्हणजेच बालासोर, हे जुने बंदर. सुती कापडाच्या ओढीने वलंदेजांनी सतराव्या शतकातच इथे वखार घातली. इंग्रज आणि डिंगमार, म्हणजे डेन्मार्कवाले, शेजारी होतेच. बाराबाटी भागातली डचांची उंच, निमुळती थडगी त्या वस्तीची खूण आहे.

१७५१ साली बंगालचा नवाब अलीवर्दीखान याने चौथाईपोटी दरसाल १२ लाख रुपये कबूल केले आणि सुवर्णरेखा नदीपर्यंतचा ओडिशा रघूजी भोसल्यांकडे आला. बालेश्वर सुवर्णरेखेच्या अलीकडे, त्यामुळे ही वखारही नागपूरकरांच्या मुलखात आली.

पुढे लवकरच वलंदेजांचे दिवस फिरले. त्यांचे बंगालमधले मुख्य ठाणे हुगळीकाठचे चिन्सुरा. बालेश्वरचा कारभार त्याच्याच हाताखाली. २५ नोव्हेंबर १७५९ रोजी चिन्सुऱ्याजवळ बेदऱ्याला इंग्रजांनी डच फौजेचा धुव्वा उडवला. धन्याचीच पत गेली, तिथे गुमास्त्याची काय कथा! १७९९ च्या अखेरीस तर डच कंपनीच मोडीत निघाली आणि तिची ठाणी डच सरकारच्या नावावर गेली.

१८०३ मध्ये वऱ्हाडात अडगाव आणि गाविलगड इथे इंग्रजांकडून भोसल्यांचा पराभव झाला. १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहाने कटक प्रांत इंग्रजांना गेला, त्यात बालेश्वरही. भोवतालचा मुलूख इंग्रजांचा झाला, तरी वखारीवरचा वलंदेजांचा हक्क कागदोपत्री उरला. तो मिटला १७ मार्च १८२४ च्या लंडनच्या तहाने. डचांनी हिंदुस्थानातली सगळी ठाणी आणि मलाक्का सोडले. त्यांचा जीव जावा-सुमात्रात गुंतलेला, म्हणून बदल्यात सुमात्रातले इंग्रजांचे बेंकुलेन घेतले. १८२५ मध्ये चिन्सुरा आणि बालेश्वर इंग्रजांच्या हाती आले. डिंगमारांनी आपली जागा १८४५ मध्ये विकली.

थोडक्यात, बालेश्वरचा निकाल दोनदा लागला : भोसल्यांपुरता वऱ्हाडात आणि वलंदेजांपुरता लंडनमध्ये.