नातवाचं ‘बान्य’ आणि सावनेरचं ताक

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त आयर्लंडमध्ये गॉलवेला असतात. सहा वर्षांचा नातू तिथल्या शाळेत आयरिश शिकतो. फोनवर दुधाला ‘बान्य’ म्हणतो, पाण्याला ‘इश्क्य’. नाताळच्या सुट्टीत तो सावनेरला येणार आहे. दूध, पाणी, चहा, ताक, संत्र्याचा रस हे सगळं त्याला त्याच्या शाळेच्या भाषेत विचारावं असं मनात आहे. मला इंग्रजी जेमतेम येतं. या वयात जमेल का?
– एक आजी, सावनेर

उत्तर : आजी, नक्की जमेल. इंग्रजी जेमतेम येतं याची तर मुळीच खंत करू नका. आयरिश शिकताना इंग्रजीची मदत कमी आणि लुडबुड जास्त होते. आयरिश ही इंग्रजीची बोली नव्हे. ती केल्टिक कुळातली स्वतंत्र भाषा आहे. आयर्लंडच्या 1937 च्या राज्यघटनेनं तिला पहिल्या राजभाषेचा मान दिला. 2022 च्या जनगणनेत सुमारे 18 लाख 70 हजार लोकांनी आयरिश येत असल्याचं नोंदवलं, पण शाळा-कॉलेजबाहेर ती रोज बोलणारे 72 हजारांच्या आसपासच निघाले. मुलं वर्गात शिकतात आणि घरी त्यांच्याशी बोलायला कुणी नसतं, हे त्या भाषेचं मोठं दुःख आहे. तुमच्या नातवाला असं कुणी सावनेरला मिळणार असेल, तर याहून चांगलं काय?

आधी उच्चार. इथे देवनागरी फार कामाला येते. ‘बान्य’ अगदी ‘धान्य’सारखं म्हणायचं, ‘इश्क्य’चा शेवट ‘वाक्य’सारखा. चहा म्हणजे ‘ते’, आणि हा ‘त’ आपल्या ताटातला, दातांना जीभ टेकवून म्हणायचा. इंग्रजी वळणाचा ‘ट’ इथे चालत नाही. कॉफीला ‘काफ्य’, साखरेला ‘शूक्र’, कुठल्याही पेयाला ‘द्योख’. या शेवटच्या शब्दातला ‘ख’ तेवढा घशातून घासून यायला हवा, उर्दू गझल गाणाऱ्यांच्या तोंडून येतो तसा. विशेषण नामानंतर येतं, म्हणून थंड पाणी म्हणजे ‘इश्क्य फूअर’. भाषाशास्त्रज्ञ ‘इश्क्य’ आणि आपलं ‘उदक’ एकाच मुळातून आलेले मानतात, तेव्हा हा शब्द तुम्हाला फार परका वाटू नये.

पण नुसते शब्द पाठ करू नका. मुलाशी बोलायचं तर वाक्य हवं, आणि आयरिश वाक्य मराठी माणसाला आपलं वाटतं. इंग्रजीत माणूस ‘तहानलेला असतो’. आपल्याला तहान लागते. ती बाहेरून येऊन आपल्याला गाठते. आयरिशमध्येही तहान माणसावर येते : ‘ता तार्त ओरम’, शब्दशः ‘आहे तहान माझ्यावर’. नातवाला विचारायचं, ‘अन् विल तार्त ओर्त?’ म्हणजे तुला तहान लागली का? तो ‘ता’ म्हणाला तर लागली आहे, ‘नील’ म्हणाला तर नाही.

दूध पितोस का, हे विचारायचं तर ‘अन् ओलन तू बान्य?’ यातला ‘तू’ म्हणजे आपलाच तू. उत्तर ‘ओलिम’ किंवा ‘नी ओलिम’ असं येईल. आयरिशमध्ये ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्यासाठी सुटे शब्दच नाहीत, क्रियापदानंच उत्तर द्यायचं. आपण तरी वेगळं काय करतो? ‘चहा घेता?’ ‘घेतो.’ ‘जेवलात?’ ‘जेवलो.’ हे वळण तुमच्या जिभेवर जन्मापासून आहे. इंग्रजी माध्यमातून आयरिश शिकणाऱ्याला नेमकं हेच वळण मुद्दाम गिरवावं लागतं.

एक गोष्ट सुरुवातीला गोंधळात टाकेल. नातू कधी ‘बान्य’ म्हणेल, कधी ‘वान्य’. तो चुकत नसतो. ‘माझं दूध’ म्हणताना ‘मो वान्य’ असंच म्हणावं लागतं, आणि ‘कुपान’ म्हणजे कप, तो ‘मो खुपान’ होतो. आपण ‘पाणी’चं ‘पाण्यात’ करतो, म्हणजे शब्दाची शेपटी वळवतो. आयरिश माणूस डोकं वळवतो. शब्दकोशात ‘वान्य’ शोधलंत तर सापडणार नाही, ‘बान्य’च शोधायचं. एवढं कळलं की निम्मी भीती जाते.

आता ताक. तुमच्या यादीतलं हे मला सर्वांत आवडलं, कारण आयर्लंडचा इतिहास पबच्या दारापेक्षा ताकाच्या रवीपाशी जास्त कळतो. लोणी काढल्यावर उरणाऱ्या ताकाला ते ‘ब्लाहख’ म्हणतात. 1845 च्या बटाट्यावरील रोगानं महादुष्काळ सुरू झाला. त्याआधी तिथल्या गरीब शेतकऱ्याचं रोजचं जेवण म्हणजे उकडलेले बटाटे आणि ताक. दूध, दही, लोणी, चीज या सगळ्यांना मिळून जुन्या आयर्लंडमध्ये ‘पांढरं अन्न’ असं नाव होतं आणि घराची श्रीमंती गाईंवरून मोजत. त्यामुळे हिंग-जिऱ्याची फोडणी दिलेला मठ्ठा पुढे करताना खुशाल ‘ब्लाहख’ म्हणा. आयरिश ताकाला फोडणी नसते, ती सावनेरची भर.

संत्र्याचा रस म्हणजे ‘सू ओराश्त्य’. नाताळात तुमच्याकडे आंबिया बहाराची संत्री असतातच. हा ‘ओराश्त्य’ आपल्याच ‘नारंग’चा दूरचा वंशज आहे, फारसी, अरबी, फ्रेंच, इंग्रजी असा फिरत तो तिथे पोहोचला. पन्हं आणि आंबील यांना मात्र आयरिश नाव शोधत बसू नका. ती नावं नातवालाच शिकवा, दोन्ही बाजूंनी देवाणघेवाण व्हायला हवी.

मोठ्या माणसांच्या पेयाबद्दल थोडंसं, कारण पाहुण्यांत कुणीतरी विचारेलच. ‘व्हिस्की’ हा शब्द आयरिश ‘इश्क्य बाहा’मधून आला, अर्थ ‘जीवनाचं पाणी’. त्या ‘जीवना’नं किती घरं बुडवली हे आयरिश लोकांनाही ठाऊक होतं. 1838 मध्ये कॉर्क शहरात फादर थिओबाल्ड मॅथ्यू यांनी दारू सोडण्याची शपथ देण्याची मोहीम सुरू केली आणि लाखो लोकांनी ती शपथ घेतली. ‘एकच प्याला’ लिहिणाऱ्या राम गणेश गडकऱ्यांनी 23 जानेवारी 1919 रोजी जिथे अखेरचा श्वास घेतला, त्या सावनेरला हे वेगळं समजावून सांगायला नको. पेला उंचावताना ते ‘स्लान्च’ म्हणतात, म्हणजे आरोग्य. दुधाच्या पेल्यालाही तो शब्द चालतो. नातवाबरोबर जरूर म्हणा.

उच्चार ऐकायला ‘टेंगलन’ हा ऑनलाइन शब्दकोश मुलीकडून फोनवर लावून घ्या. त्यात बऱ्याच शब्दांचे तीन प्रांतांतले तीन उच्चार ऐकता येतात. गॉलवे कॉनाख्ट प्रांतात येतं, म्हणून तुम्ही कॉनाख्टचा उच्चार निवडा. शाळेत त्याच्या कानावर बहुधा तोच पडत असेल. आणि एखादा शब्द अडला तर नातवालाच विचारा. सहा वर्षांच्या मुलाला आजीचा मास्तर व्हायला फार आवडतं.