‘पाव’ हा शब्द कोठून आला?

गेल्या पावसाळ्यांत आम्ही एका खेड्यांतील मंडळीस भेट देण्यास गेलों असतां चहाबरोबर पाव पुढें आला. जवळ बसलेल्या एका आजींनीं तो हातांत घेतला नाहीं. “पायांनीं तुडवून करितात म्हणून त्याला पाव म्हणतात, खरें ना, पाळकसाहेब?” असें त्यांनीं विचारिलें. शेजारचे गृहस्थ म्हणाले, “तसें नव्हे, आजी. लादीचा चवथा हिस्सा तोडून देतात, म्हणून पाव.” दोन्ही उत्तरें ऐकावयास बरीं, परंतु दोन्ही चुकीचीं आहेत.

हा शब्द पोर्तुगीज लोकांचा आहे. गव्हाच्या फुगलेल्या रोटीस ते ‘पांव’ असें नाकांतून म्हणतात. त्याचें मूळ लॅटिन ‘पानिस’, म्हणजे भाकर. १५१० सालीं त्यांनीं गोवें घेतलें, १५३४ सालीं वसई त्यांच्या हातीं गेली. भाताच्या या मुलखांत रोटी फुगवावी कशी? तेव्हां नारळीची माडी पिठांत घालून तें आंबवूं लागले. गोव्यांत पाव करणारास ‘पोदेर’ म्हणतात, तोही पोर्तुगीज ‘पादेइरु’ याचाच अपभ्रंश होय. बंगाल्यांच्या ‘पाउरुटी’मध्यें हाच शब्द आहे. १५४३ सालीं पोर्तुगीज लोक जपानास पोहोंचले. तेथें रोटीस अद्यापि ‘पान’ म्हणतात. आतां जपानी मनुष्यास आमचा ‘पाय’ कोठून ठाऊक, आणि आमचा ‘पावशेर’ तरी कोठून ठाऊक? कोठें कोणी पायांनीं पीठ मळिलें असेल, तर तो त्या भट्टीवाल्याचा दोष. शब्दाकडे तो नाहीं.

पवित्र शास्त्राचा मराठी तर्जुमा करणारांनीं ‘पाव’ न घेतां ‘भाकर’ हा शब्द घेतला, हें आमच्या मतें योग्यच झालें. ज्वारी खाणाराच्या चुलीवर पाव कोठून येणार?

हें सर्व ऐकून आजी कांहीं वेळ गप्प राहिल्या. मग कळलें कीं, त्यांच्या नातवास मुंबईच्या एका भट्टींत काम मिळत होतें, आणि पायांच्या याच गोष्टीमुळें त्यांनीं महिनाभर त्यास अडवून धरिलें होतें. आम्ही म्हणालों, “मुलास आधीं जाऊन मळणी डोळ्यांनीं पाहूं द्या; मग ठरवा.” त्यांनीं पाव मोडिला, अर्धा चहांत बुडविला आणि अर्धा नातवासाठीं पदरांत बांधिला.