रोमन आकडे आणि माझी एक तांबडी फुली



गतवर्षी सहामाही परीक्षेच्या सुमारास गणिताचे शिक्षक रजेवर होते, म्हणून पाचवीच्या उत्तरपत्रिका तपासण्याचे काम माझ्याकडे आले. वस्तुतः मी कला शाखेची. माझे विषय मराठी आणि इतिहास. तथापि पाचवीचे गणित ते काय, अशा समजुतीने मी ते काम स्वीकारले. एक प्रश्न होता: एक ते बारा या संख्या रोमन आकड्यांत लिहा. एका मुलाने चार ही संख्या चार उभ्या रेघा ओढून लिहिली होती. मी तांबड्या शाईने फुली मारली आणि अर्धा गुण कापला.

उत्तरपत्रिका परत देताना तो मुलगा जागेवर उभा राहिला आणि भिंतीकडे बोट दाखवून कोकणीत म्हणाला, "बाई, घड्याळार अशेंच आसा." वर्ग हसला. मी त्याला खाली बसविले. तास संपल्यावर मान वर करून पाहते तो काय, घड्याळात चाराच्या जागी खरोखरच चार रेघा! रोज त्याच घड्याळावर माझी नजर जात असे. पण मी पाहत असे ते वेळ, आकडे नव्हे. त्या दिवसानंतर पंधरा दिवस त्या मुलाने वर्गात एकदाही हात वर केला नाही. अर्ध्या गुणापेक्षा ते मला अधिक लागले. म्हणून मी हा विषय नीट वाचून काढला. जे हाती आले ते आपल्यापुढे मांडते.

येथे मी रोमन अक्षरांची नावे देवनागरीत लिहीत आहे. आपण वही-पेन्सिल घेऊन बसावे आणि प्रत्येक ठिकाणी ती मोठी अक्षरे स्वतः काढावीत. नुसते वाचून हा धडा कळावयाचा नाही.

रोमन पद्धतीत खुणा अवघ्या सात. आय म्हणजे १, व्ही ५, एक्स १०, एल ५०, सी १००, डी ५०० आणि एम १०००. त्यांचे मूळ अक्षरांत नसून रेघांत आहे. दुधाचा रतीब मोजण्यासाठी आपल्याकडे आजीबाई भिंतीवर कोळशाने रेघा ओढीत. मेंढपाळ काठीवर खाचा पाडीत. खाचा पुष्कळ झाल्या की मोजताना घोटाळा होतो, म्हणून पाचवी आणि दहावी खाच निराळ्या आकाराची करावयाची. इटलीत रोमनांच्या आधी नांदणाऱ्या एट्रुस्कन लोकांच्या आकड्यांतही अशाच खुणा आढळतात. हजाराची जुनी खूण उभी रेघ मध्ये घेतलेल्या वर्तुळासारखी होती. तिचा उजवा अर्धा भाग तेवढा ठेवला की डी अक्षरासारखा आकार होतो, आणि हजाराचे अर्धे पाचशे! पुढे लॅटिनमधील शंभराचा शब्द सेन्टुम व हजाराचा शब्द मिल्ले यांच्या आद्याक्षरांच्या वळणावर त्या दोन खुणा गेल्या.

लिहिण्याची रीत सोपी आहे. मोठी खूण डावीकडे, लहान उजवीकडे, आणि सर्वांची बेरीज. एक्स-व्ही-आय म्हणजे १० + ५ + १ = १६. आय, एक्स, सी व एम या खुणा एकापाठोपाठ फार तर तीनदा येतात; व्ही, एल व डी या कधीच दोनदा येत नाहीत, कारण दोन पाच लिहिण्याऐवजी एक दहा लिहिता येतो. लहान खूण मोठीच्या डावीकडे आली तर मात्र ती वजा करावयाची. आय-व्ही ४, आय-एक्स ९, एक्स-एल ४०, एक्स-सी ९०, सी-डी ४००, सी-एम ९००. वजाबाकीच्या एवढ्या सहाच जोड्या आहेत, सातवी नाही. मुलांच्या बहुतेक चुका ही सातवी जोडी शोधण्यात होतात.

या चुकांचे एक कारण आपल्या भाषेतच दडले आहे असे मला वाटते. एकोणीस हा शब्द फोडून पाहा: एक, ऊन, वीस, म्हणजे विसाला एक कमी. कोकणीतही रीत तीच. रोमन लोकही असेच बोलत. एकोणिसाला त्यांचा शब्द होता उन्देविगिन्ती, म्हणजे विसातून एक. आणि अठराला दुओदेविगिन्ती, विसातून दोन. तेव्हा वजाबाकीने संख्या सांगणे आपल्याला मुळीच परके नाही. पण एकोणपन्नास लिहावयाचे आले की आपला मुलगा जिभेवर विश्वास ठेवून पन्नासाच्या खुणेमागे एक रेघ ओढतो आणि एल-च्या डावीकडे आय लिहून मोकळा होतो. हे चूक. आय ही खूण फक्त व्ही व एक्स यांच्याच डावीकडे बसते. संख्या आधी स्थानांप्रमाणे फोडावयाची: चाळीस आणि नऊ. चाळीस एक्स-एल, नऊ आय-एक्स, मिळून एक्स-एल-आय-एक्स. गंमत अशी की नव्याण्णव या शब्दात आपण वजाबाकी सोडून देतो. नव आणि नव्वद असेच म्हणतो. तेथे जीभ अगदी योग्य वाट दाखविते: एक्स-सी, मग आय-एक्स.

वर्षांचे आकडेही असेच फोडावेत. १९६१ म्हणजे एक हजार, नऊशे, साठ, एक: एम, सी-एम, एल-एक्स, आय. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, ते वर्ष लिहावयास तीनच अक्षरे पुरतात: एम-डी-एक्स. दोहोंतील अंतर ४५१ वर्षांचे, ते सी-डी-एल-आय. एवढा मोठा काळ, पण खुणा चार! उलट १८८८ हे एकच वर्ष लिहावयास तेरा अक्षरे लागतात. ती लिहून पाहा आणि मोजा.

आता माझ्या फुलीकडे वळू. चार म्हणजे आय-व्हीच, हा नियम पुस्तकात आहे. पण रोमन लोकांनी तो कोठे घालून दिला होता? रोम शहरातील कोलोसियम हे भव्य प्रेक्षागार इ. स. ८० मध्ये खुले झाले. त्याला ऐंशी प्रवेशद्वारे होती, पैकी शहात्तर द्वारांवर क्रमांक कोरलेले होते, हेतू हा की प्रेक्षकाने कोठून आत जावे ते त्याला कळावे. जो बाहेरचा भाग आज उभा आहे त्यावर २३ ते ५४ हे क्रमांक अजून आढळतात. त्यांतील चव्वेचाळिसाव्या द्वारावर एक्स-एल आणि पुढे चार रेघा आहेत. म्हणजे चाळीस वजाबाकीने, चार बेरजेने, आणि दोन्ही एकाच दगडावर! इ. स. ९ मध्ये जर्मनीच्या अरण्यात रोमनांच्या तीन पलटणी नष्ट झाल्या. त्या युद्धात पडलेल्या मार्कुस केलिउस नावाच्या अधिकाऱ्याचे स्मारक बॉन येथील संग्रहालयात आहे. त्याची पलटण अठरावी. आपण अठरा लिहितो एक्स-व्ही-आय-आय-आय; त्या दगडावर मात्र एक्स-आय-आय-एक्स कोरले आहे. कोरणाऱ्याने आपल्या बोलण्याप्रमाणे विसातून दोन वजा केले. आज आपल्या परीक्षेत तो नापास झाला असता, आणि फुली मारणारी मीच असते.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ साली चौथ्या विल्यम राजाच्या नावाचा रुपया पाडला. त्यावर राजाच्या नावापुढे चार उभ्या रेघाच आहेत. तो चलनात होता तेव्हा आपल्या पणजोबांच्या पणजोबांनी तो कनवटीला लावला असेल. घड्याळजींनी ही जुनी रीत टिकविली. त्याची कारणे अनेक सांगतात. मला पटणारे असे की त्यामुळे तबकडी डोळ्याला समतोल दिसते. पहिल्या चार तासांत केवळ आय, पुढील चारांत व्हीचा प्रवेश, अखेरच्या चारांत एक्स, आणि चारच्या समोरचा आठही तसाच भरगच्च. मात्र सर्वच घड्याळे अशी नसतात. लंडनच्या सुप्रसिद्ध मनोऱ्यातील मोठ्या घड्याळावर आय-व्हीच आहे.

जुन्या नाण्यांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट. ज्यांच्या घरी मुंबईला नोकरी केलेल्या आजोबांची पेटी असेल त्यांनी ती उघडून पाहावी. सातव्या एडवर्डच्या रुपयावर व्ही-आय-आय, पाचव्या जॉर्जच्या रुपयावर व्ही, सहाव्या जॉर्जच्या रुपयावर व्ही-आय सापडेल. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयावर मात्र आकडा नाही, कारण इंग्लंडमध्ये दुसरी व्हिक्टोरिया झालीच नाही. पण गोव्यासाठी पाडलेले पोर्तुगीज रुपये पाहिलेत तर कार्लुश राजाच्या नावापुढे आय ठळकपणे आहे. पोर्तुगालमध्येही दुसरा कार्लुश झाला नाही. तरी ते लोक पहिल्याला पहिला म्हणत! एका रेघेत दोन देशांच्या चालीरीती दिसतात.

मग इतकी देखणी पद्धत हिशेबातून का गेली? ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चतुर्भुज मंदिर आहे. तेथील इ. स. ८७६ च्या शिलालेखात देवाला दिलेल्या बागेचे माप कोरले आहे: लांबी २७० हात, रुंदी १८७ हात, आणि तीतून रोज ५० माळा द्यावयाच्या. त्या २७० व ५० मधील शून्य लहानशा वर्तुळाने कोरलेले असून भारतातील जुन्या शून्यांत त्याची गणना होते. आता त्या बागेचे क्षेत्रफळ काढा. आपल्या आकड्यांनी दोन मिनिटांत ५०,४९० चौरस हात येतात. मग तेच सी-सी-एल-एक्स-एक्स गुणिले सी-एल-एक्स-एक्स-एक्स-व्ही-आय-आय असे मांडून करून पाहा! कोणती खूण कोणाखाली लिहावी हेच समजत नाही, कारण या खुणांना एकक-दशक असे स्थान नाही. म्हणूनच त्यांना शून्याची गरज भासली नाही. १००६ लिहिताना ते एम-व्ही-आय एवढेच लिहीत, रिकामे स्थान दाखविण्याचा प्रश्नच नव्हता. रोमन व्यापारी हिशेब करी तो फळीवर खडे सरकवून, आणि उत्तर तेवढे रोमन आकड्यांत लिही. खड्याला लॅटिनमध्ये काल्कुलुस म्हणतात. इंग्रजीतील कॅल्क्युलेट आणि पोर्तुगीजमधील काल्कुलु हे शब्द त्या खड्यातूनच निघाले.

आपले नऊ अंक आणि शून्य अरबांच्या मार्फत युरोपात गेले. पीसा शहराच्या लिओनार्दोने, म्हणजे फिबोनाचीने, १२०२ मध्ये ग्रंथ लिहून ते आपल्या लोकांना शिकविले आणि हे अंक हिंदूंचे आहेत असे स्पष्ट सांगितले. तरीही १२९९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफ संघाने वहीखात्यांत हे नवे अंक वापरण्यास बंदी घातली. नव्या गोष्टीवर फुली मारणारे तेथेही होते.

आज रोमन आकडे उरले ते क्रम दाखविण्यापुरते. भारतीय संविधानाच्या इंग्रजी प्रतीत मूलभूत हक्कांचा भाग आय-आय-आय, आणि १९७६ मध्ये जोडलेल्या मूलभूत कर्तव्यांचा भाग आय-व्ही-ए. पोर्तुगीज पुस्तकांत शतके रोमन आकड्यांतच छापतात. गोव्याचा इतिहास अभ्यासू इच्छिणाऱ्याला ते यावेच लागतात.

त्या मुलाला मी पुढच्याच आठवड्यात वर्गासमोर बोलावले, फुली खोडली, अर्धा गुण परत लिहिला आणि त्याच्याकडूनच कोलोसियमच्या द्वाराचा क्रमांक फळ्यावर लिहवून घेतला. परीक्षेत मात्र पुस्तकातलाच नियम पाळावा, असेही वर्गाला सांगितले. तो जागेवर गेला आणि लगेच हात वर केला: "बाई, मग त्या दारावर नऊ कशे बरयले आसतले?" एकोणतिसावे द्वार त्या २३ ते ५४ मध्येच येते. त्याच्या वहीत दोन्ही रीतींनी लिहिलेला २९ मी अद्याप तपासावयाचा आहे. आपणही तो लिहावा, आणि त्यासोबत ४४, ९९, ४४९, १८८८, १९८७ व आपले जन्मवर्ष.