आधी वही, मग जनुकं

पशुवैद्यकाची पदवी झाल्यावर एम.व्ही.एस्सी.ला पशुआनुवंशिकी आणि पैदासशास्त्र घेतलंस, हे दादानं फोनवर सांगितलं आणि आत्याला फार बरं वाटलं. वर्गातल्या बहुतेकांचा ओढा शस्त्रक्रिया, औषधोपचार अशा विषयांकडे असतो. तिथं आजारी जनावर बरं होऊन उठलेलं दिसतं. आपला विषय उशिरा फळ देतो, म्हणून त्यात उतरताना काही गोष्टी आधीच कानावर असलेल्या बऱ्या.

एक हिशेब मांडून बघ. आज जन्मलेलं गोऱ्हं दोन-अडीच वर्षांचं झालं की त्याचं रेत घेता येतं. त्या रेतमात्रेनं गाय गाभण राहिली की नऊ-साडेनऊ महिने. झालेली कालवड देशी जातीची असेल, तर पहिल्यांदा व्यायला तिला साडेतीन-चार वर्षं सहज लागतात. मग तिचं 305 दिवसांचं दूध मोजायचं. म्हणजे हा वळू मुलींच्या दुधाला चांगला की वाईट, हे कळायला आठेक वर्षं. आणि तुझी पीएच.डी. तीन-चार वर्षांची. तेव्हा तू ज्या आकड्यांवर पदवी घेशील, ते तुझ्या आधी कुणीतरी पहाटे गोठ्यात उभं राहून लिहिलेले असणार, आणि तू जे लिहिशील ते तुझ्यानंतर येणारं कुणीतरी वापरणार. माझं बाकीचं सगळं सांगणं या एका गोष्टीतून निघतं.

म्हणून विषय ठरवण्याआधी कळप आणि त्याची वही बघ. राहुरीला होल्स्टिन, जर्सी आणि गीर या तिघींच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ तयार झाली, कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत साहिवाल आणि मुऱ्हा यांचे जुने कळप आहेत. अशा ठिकाणच्या नोंदींवर विद्यार्थ्यांच्या पिढ्या शिकल्या. वही समोर आली की आधी ती खरी आहे का ते पाहा. आईबरोबर बापाचाही नंबर लिहिलाय का? मेलेल्या आणि विकलेल्या जनावरांची नोंद आहे का, आणि विकण्याचं कारण आहे का? कमी दुधाच्या गायी निमूट विकून टाकल्या असतील आणि वहीत फक्त उरलेल्या असतील, तर तो कळप आहे त्याहून कागदावर चांगला दिसेल. वजनांच्या रकान्यावरून एकदा नजर फिरव. प्रत्येक आकड्याच्या शेवटी शून्य नाहीतर पाच येत असेल, तर काटा न वापरता नजरेनं अंदाज लिहिलेला आहे. अशा वहीवर कितीही सुंदर संगणकीय विश्लेषण केलंस तरी त्याला अर्थ नाही.

आता मेंढीची एक गोष्ट सांगते, कारण या विषयातलं जवळजवळ सगळं तिच्यात आहे. 1792-93 च्या सुमारास कलकत्त्याहून जहाजानं काही बंगाली मेंढ्या ऑस्ट्रेलियात गेल्या. पुढं दीडशे वर्षांनी न्यू साउथ वेल्समधल्या बुरुला नावाच्या फार्मवर सिअर्स बंधूंनी जुळी-तिळी देणाऱ्या मेरिनो मेंढ्या निवडून वेगळ्या ठेवल्या. तिथली जनावरं सरकारी संशोधन संस्थेकडे, सीएसआयआरओकडे गेली. कोणत्या मेंढीला किती कोकरं झाली हे वर्षानुवर्षं लिहिलं गेलं, आणि 1980 च्या सुमारास त्या नुसत्या मोजणीवरून शास्त्रज्ञांनी मांडलं की हा प्रताप एकाच मोठ्या जनुकाचा असावा. तेव्हा ते जनुक कुणी पाहिलेलं नव्हतं. डीएनएतला नेमका बदल 2001 मध्ये सापडला. जनुकाचं नाव बीएमपीआर1बी, पण आपण त्या रूपाला ‘फेकबी’ म्हणतो. आणि तोच बदल सुंदरबनच्या चिमुकल्या गॅरोल मेंढीतही निघाला. कलकत्त्याहून गेलेल्या मेंढ्या बहुधा याच कुळातल्या असाव्यात.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं 1990 च्या दशकात गॅरोल आणून आपल्या दख्खनी मेंढीशी तिचा संकर सुरू केला. गॅरोल फार लहान, कोकरंही लहान, म्हणून पुन्हा पुन्हा दख्खनीकडे वळवत शरीर दख्खनी आणि जनुक गॅरोलचं अशी मेंढी घडवावी लागली. त्यातूनच ‘नारी सुवर्णा’ आली. इथं जनुक-चाचणी का लागली, ते नीट समजून घे. जुळी होणं हा गुण मादीत दिसतो. मेंढ्याकडे बघून त्याच्यात फेकबी आहे की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही. मुलींची वेतं होईपर्यंत थांबायचं नसेल तर त्याचं रक्त तपासायचं. चाचणी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सहकार्यानं उभी राहिली, ऑस्ट्रेलियातले शास्त्रज्ञही सोबत होते. पण या कामाचा मला सर्वात मोलाचा वाटणारा भाग वेगळा आहे. ते मेंढपाळांच्या कळपांत नेऊन पाहिलं गेलं. जनुकाची एक प्रत असेल तर जुळ्यांचं प्रमाण बरंच वाढतं, दोन प्रती असतील तर तिळीही होतात. कोरड्या माणदेशात चालत फिरणाऱ्या धनगराला तिळी नकोत, कारण तिसऱ्याला दूध पुरत नाही. त्याला दोन धडधाकट कोकरं हवीत. पैदाशीचं उद्दिष्ट ज्याच्या दावणीला जनावर आहे तो ठरवतो. आपण त्याला तिथवर जायची वाट काढून द्यायची.

तेव्हा प्रयोगशाळेत पिपेट धरण्याआधी दात बघायला शीक. आदत, दुसा, चौसा, जुळलेला हे खिल्लार बाजारातल्या माणसाला एका नजरेत कळतं, तुलाही कळलं पाहिजे. जन्मतारीख माहीत नसलेल्या जनावराचं वय तेवढंच हाती असतं. ताणकाट्यानं कोकरू तोलायला शीक, सकाळ-संध्याकाळचं दूध मोजायला शीक, आणि नोंद त्याच क्षणी लिही. घरी जाऊन लिहीन म्हटलेला आकडा तोवर बदललेला असतो. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा अंकी नंबर मोठ्यानं वाचून दुसऱ्याकडून परत म्हणवून घे. आणि धनगरांच्या वाड्यावर गेलीस की बायकांशी बोल. कोणती मेंढी कुणाची लेक, कुणाला मागच्या साली जुळी झाली, कोणती आई कोकराला जवळ घेत नाही, हे त्यांना तोंडपाठ असतं. पुरुष संशोधकांना त्यांच्याशी निवांत बोलायला मिळत नाही. तुला मिळेल.

वहीत ज्याला रकाना नसतो, तो गुण विज्ञानाला दिसत नाही, हेही इथंच सांगते. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हशी आणून गिऱ्हाइकाच्या समोर धार काढतात. पंढरपुरी म्हैस रस्त्यावर, गर्दीत, पारडू नसतानाही पान्हा सोडते, म्हणूनच हे शक्य होतं. किती सुंदर गुण आहे हा, आणि आपल्या नेहमीच्या नोंदवहीत दूध, फॅट, पहिल्या वेताचं वय, दोन वेतांतलं अंतर एवढंच असतं. पान्हा सुटायला किती वेळ लागला, पारडाशिवाय सुटला का, हे मोजून कुणी मोठ्या संख्येनं मांडलं तर मला फार आनंद होईल. विषय शोधत असशील तर हा ध्यानात ठेव.

आता आकडेमोड. तिला घाबरू नकोस, पण टाळूही नकोस. वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांचं शेती-संशोधकांसाठीचं सांख्यिकीचं पुस्तक 1954 मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनं काढलं. सुखात्मे आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. ते पुस्तक आधी हातानं गणितं सोडवत वाच, मग फॉल्कनरचं पुस्तक, मग हेंडरसनची ‘ब्लप’ पद्धत. संगणकाला ते एका क्षणात जमतं, पण तो काय करतो हे तुला कळलं पाहिजे. बागायती गावातली दहा लिटरची गाय आणि दुष्काळी गावातली सहा लिटरची गाय यांत वंशानं कोण सरस, हे नुसत्या लिटरवर ठरत नाही. गोठा, ऋतू, वेताचा क्रमांक यांचा वाटा वेगळा काढून उरलेल्यात वंशाचा भाग किती, हे हेंडरसनचं गणित सांगतं. दुधातल्या फरकांपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश वंशामुळं असतो, गाभण राहण्यातला बहुधा दहा टक्क्यांहूनही कमी. म्हणून कुणी गायीच्या उलटण्याचं जनुक शोधायला निघालं, तर आधी तिचा चारा आणि क्षारमिश्रण विचार. आणि चार-पाच वळूंच्या मुलींवरून आनुवंशिकतेचा आकडा काढू नकोस. त्याची प्रमाण त्रुटी त्या आकड्याइतकीच निघते.

अमुक जातीच्या पन्नास जनावरांत तमुक जनुकाची रूपं किती, अशा प्रबंधांनी आपली ग्रंथालयं भरली आहेत. तंत्र शिकायला ते ठीक. पण जनावरामागे दूध, वजन, वंश काहीच लिहिलेलं नसेल, तर त्या रूपांचं पुढं काय करायचं? मार्गदर्शकांनी असा विषय सुचवला तर नम्रपणे विचार, ‘सर, यांच्या नोंदी आहेत का?’ हा प्रश्न विचारायची सवय पहिल्याच वर्षी लाव.

मोठ्या नोंदींत काय ताकद असते, ते अमेरिकेतल्या एका वळूवरून कळतं. पॉनी फार्म आर्लिंडा चीफ, जन्म 1962. दुधासाठी इतका वापरला गेला की आजच्या होल्स्टिनच्या जीनोममध्ये सुमारे 14 टक्के वाटा त्याचा आहे. 2011 मध्ये संशोधकांनी डीएनएतल्या खुणा वाचणाऱ्या चिपनं मिळालेल्या हजारो जनावरांच्या माहितीत एक वेगळीच गोष्ट शोधली: गुणसूत्राचा असा कोणता तुकडा आहे, जो एका बाजूनं आलेला खूप दिसतो, पण आई आणि बाप दोघांकडून आलेला कधीच दिसत नाही? असे तुकडे सापडले, त्यातला एक चीफकडून आलेला. दोन्ही प्रती आल्या की गर्भ पोटातच मरत होता. पुढच्या अभ्यासात जगभर पाच लाखांहून अधिक गर्भपात आणि सुमारे 42 कोटी डॉलरचं नुकसान त्याच्या माथी मांडलं गेलं. तरीही त्याच्या दुधाच्या जनुकांनी दिलेला फायदा याहून मोठा होता, म्हणून त्याला दोष देऊन भागत नाही. यातून घ्यायचं ते असं की टेबलात जे नाही, तेही बघ. अपेक्षा असलेली आणि न आलेली संख्या हाही एक निकाल आहे.

चिपबद्दल एक सावधगिरी. पन्नास हजारांवर खुणांची जी चिप जगभर वापरली गेली, तिच्यातल्या खुणा मुख्यत्वे युरोपीय गायींवरून निवडलेल्या. तिच्यातून आपली वशिंडाची गाय पाहिली, तर तिच्यातली विविधता आहे त्याहून कमी दिसते. आता आपल्याकडच्या गायींसाठी चिप झाल्या आहेत. 2024 च्या ऑक्टोबरात वाशिमला अशाच एका एकत्रित चिपचं लोकार्पण झालं. कुणाच्या मापानं कुणाला मोजतेस, हे शोधनिबंधात पहिल्याच परिच्छेदात लिही.

परवानग्यांचं काम कंटाळवाणं वाटेल, पण आधी उरक. संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी रक्त काढण्यापूर्वी हवी. देशाबाहेर नमुना पाठवायचा असेल, तर जैवविविधता कायदा 2002 चा आहे, त्याचे नियम आणि चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाची अट वाच. आणि ज्याच्या म्हशीचं रक्त घेतलंस, त्याला निकाल त्याच्या भाषेत सांगायला परत जा. पुढच्या वर्षी तुझा धाकटा सहकारी तिथं जाईल, त्याला दार उघडं मिळालं पाहिजे.

मार्गदर्शक निवडताना त्यांच्या निबंधांची यादी बघण्यापेक्षा त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन कर. किती वर्षं लागली, कळपावर जायला गाडी मिळायची का, शोधनिबंधावर नाव कुणाचं पहिलं आलं, एवढं विचार. पीएच.डी.साठी कृषी अनुसंधान परिषदेची फेलोशिप आणि पुढं प्राध्यापकीसाठी कृषी शास्त्रज्ञ निवड मंडळाची (एएसआरबी) नेट या परीक्षांची तयारी पहिल्या वर्षापासून ठेव. विद्यापीठाशिवायही जागा आहेत, राष्ट्रीय डेअरी विकास मंडळ, बाएफ, रेतन केंद्रं. परदेशात एडिनबरा, वागेनिंगेन, आर्मिडेल इथं ही शाखा भक्कम आहे. जायला मिळालं तर जरूर जा, पण इथल्या एखाद्या कळपाची ओळख घेऊन जा. तिथं सगळ्यांना प्रोग्रॅमिंग येतं. खिल्लार किंवा देवणी हातानं तपासलेली माणसं तिथं कमी असतात, आणि तुझा प्रश्न तिथूनच येईल.

पैसे घेऊन छापणाऱ्या मासिकांपासून लांब राहा. फरक निघाला नाही, तरी छाप. आणि प्रबंध झाला की कच्ची नोंद, एकक, तारखा, वापरलेला काटा, सगळं एका फाईलमध्ये लिहून विभागात एक प्रत ठेव. गुणांच्या नावांचं संक्षिप्त रूप केलं असशील तर त्याचा अर्थ शेजारी लिही, दहा वर्षांनी तो तुलाही आठवणार नाही.

दिवाळीनंतर वाडे कोकणाकडे उतरायला लागतील. ओळखीच्या एका कुटुंबाला मी विचारून ठेवलंय, चार दिवस त्यांच्याबरोबर चालायला ते तुला घेऊन जातील. वाघुरीजवळ, म्हणजे मेंढ्यांभोवतीच्या जाळीजवळ, झोपावं लागेल, पहाटे मेंढ्या मोजून सोडाव्या लागतील. सुट्टीच्या तारखा कळव, आणि येताना जाड पुठ्ठ्याची वही आण. पेन्सिलीही आण, पहाटेच्या दवानं शाई फुटते.